मातीची चाकरी

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमची पुतणी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकत असून राष्ट्रीय सेवा योजनेंत तिनें नांव घातलेलें आहे. योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठीं पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडील एका गांवीं जाऊन डोंगरउतारावर चर खणावयाचे, असें ठरलें होतें. तिच्या आजीनें पांघरुणाची व पिण्याच्या पाण्याची चौकशी केली. आईनें परीक्षेची आठवण दिली. आमच्या वडिलांनीं मात्र वर्तमानपत्र खालीं ठेवून एकच प्रश्न विचारला. "खणून याल हें ठीक आहे, पण तुम्ही परत आल्यावर त्या चरांतला गाळ कोण काढणार?"

मुलीस उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि सुचलें नाहीं. ती गेली, आणि आम्ही त्या प्रश्नाच्या पाठीस लागलों.

शोध करतां करतां आम्ही येऊन पोंचलों तो अमेरिकेपाशीं. तरुणांच्या हातून माती व पाणी राखण्याचा एवढा मोठा प्रयोग त्या देशानें केला, कीं आमच्या वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर कोठें मिळालेंच तर तें तेथें मिळावें. १९३३ सालच्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां तेथील काम करूं शकणाऱ्या दर चार माणसांत सुमारें एक बेकार होता. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस कायदा झाला, आणि १७ एप्रिल रोजीं व्हर्जिनिया संस्थानांत लुरे गांवाजवळच्या जंगलांत पहिली छावणी उभी राहिली. 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' हें या दलाचें नांव. जुलै महिन्यापर्यंत पावणेतीन लक्षांच्या आसपास तरुण छावण्यांतून राहूं लागले होते. सरकारी काम इतक्या त्वरेनें होऊं शकतें, हें वाचून आमच्याप्रमाणेंच वाचकांसहि कौतुक वाटेल.

भरती व्हावयाची ती १८ ते २५ वर्षांच्या अविवाहित मुलांची, आणि तींहि ज्यांचीं घरें सरकारी मदतीवर चाललीं होतीं अशांची. एका छावणींत सुमारें २०० मुलें. राहणें-जेवणें लष्कराच्या देखरेखीखालीं, काम मात्र शेतकी व अंतर्गत खात्यांच्या तज्ज्ञांच्या हाताखालीं. वेतन महिना ३० डॉलर. त्यांपैकीं २२ ते २५ डॉलर मुलाच्या हातीं न पडतां परस्पर त्याच्या घरीं धाडले जात; उरलेले त्याच्या किरकोळ खर्चास. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस या व्यवस्थेचें नवल वाटणार नाहीं; मिळवत्या मुलानें पगार आईच्या अगर वडील माणसांच्या हातीं द्यावा, ही गोष्ट आपल्याकडे कोणास शिकवावी लागली नाहीं. परंतु व्यक्तिस्वातंत्र्याचें ज्या देशास एवढें अगत्य, त्यानें ती गोष्ट सरकारी नियमानें घडवून आणावी, यांत मौज आहे. डोंगरांत कोठें तरी एक मुलगा माती खणीत होता, आणि त्याच्या आईची चूल त्या मातीवर पेटत होती. चाळीस हजारांहून अधिक निरक्षर मुलें या छावण्यांतून लिहावाचावयास शिकलीं, हा लाभ वेगळाच.

या चित्रास काळी बाजूहि आहे. वर्णभेद करूं नये असें कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें असतांहि कृष्णवर्णीय तरुणांस वेगळ्या छावण्यांत ठेवण्यांत आलें. मुलींना तर दलांत प्रवेशच नव्हता. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीं पुढाकार घेतल्यामुळें मुलींसाठीं कांहीं शिबिरें निघालीं. तीं १९३७ सालीं बंद होईपर्यंत साडेआठ हजारांच्या आसपास स्त्रियांना त्यांचा लाभ मिळाला. मुलांच्या दलास 'सी-सी-सी' म्हणत, म्हणून थट्टेखोरांनीं मुलींच्या शिबिरांना 'शी-शी-शी' असें नांव दिलें. इंग्रजींत त्याचा अर्थ 'ती-ती-ती' एवढाच. मराठी कानास तें आणखीच वाईट लागतें. आमच्या पुतणीस हें सांगितलें तेव्हां ती हंसली, पण फार नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. या दलानें तीन अब्जांच्या घरांत झाडें लावलीं, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. पण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटलें तें विस्कॉन्सिन संस्थानांतील कून व्हॅली नांवाच्या एका खोऱ्यांतील काम. तेथें नॉर्वेहून आलेल्या लोकांनीं वस्ती करून उभ्या उतारांवर शेतें केलीं होतीं. तास धरले ते वरून सरळ खालीं. डोंगराच्या कडांवर गाई मोकाट चरत. परिणाम आपल्या घांटमाथ्यावरच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. प्रत्येक वळिवाच्या सरीबरोबर ओघळी पडत, ओघळींच्या घळी होत, आणि वरची काळी माती खालच्या कुरणांवर व ओढ्यांत जाऊन बसे.

ह्यू बेनेट या मृत्तिकातज्ज्ञाच्या पुढारीपणाखालीं १९३३ सालीं याच खोऱ्यांत त्या देशांतील पहिला पाणलोट क्षेत्राचा नमुना-प्रयोग सुरू झाला. हे बेनेट मोठे चतुर गृहस्थ. १९३५ च्या एप्रिल महिन्यांत सेनेटच्या समितीपुढें ते साक्ष देत असतां पश्चिमेकडून धुळीचें वादळ राजधानीच्या रोखानें येत होतें. तें येऊन आकाश काळवंडेपर्यंत त्यांनीं आपलें भाषण लांबविलें, असें सांगतात. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृद्संधारणाचें स्वतंत्र खातें कायद्यानें स्थापन झालें.

कून व्हॅलींत मुलांनीं घळींत बांध घातले, कुंपणें घालून गाईंना कड्यांवरून खालीं आणलें, उघड्या उतारांवर रोपें लावलीं आणि ओढ्यांचे कांठ बांधून काढले. शेतकऱ्यांनीं उताराला आडवे असे एकाआड एक गवताचे व धान्याचे पट्टे पेरावयास आरंभ केला. परंतु एकाहि शेतांत मुलांनीं अगोदर टिकाव मारला नाहीं. आधीं शेतकऱ्याशीं पांच वर्षांचा लेखी करार होई. सरकारनें मजूर, तार, बीं व चुना द्यावयाचा. शेतकऱ्यानें आंखून दिलेल्या रीतीप्रमाणें शेत कसावयाचें व केलेलें काम राखावयाचें. खोऱ्यांतील निम्म्याच्या आसपास शेतकऱ्यांनीं सह्या केल्या, बाकीच्यांनीं लांबून पाहणें पसंत केलें. गाळ कोण काढणार, हें तेथें कुदळीच्या आधीं कागदावर आलेलें होतें!

सर्वच कामें अशीं शहाणपणाचीं झालीं नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. दक्षिणेकडील संस्थानांत माती धरून ठेवावी म्हणून याच मुलांच्या हातून कुडझू नांवाचा परदेशी वेल लावविण्यांत आला. त्यानें माती धरली, पण पुढें झाडें, कुंपणें व ओसाड घरें हींहि धरलीं. आज तो तेथें उपद्रवी तण म्हणून ओळखला जातो. दल स्वतः १९४२ सालीं युद्धाच्या धामधुमींत बंद पडलें. कून व्हॅलीचें मात्र तसें झालें नाहीं. करार संपले तरी आडवे पट्टे पुष्कळांनीं मोडले नाहींत, कारण एव्हांना त्यांचा गुण त्यांच्या पदरीं पडला होता. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलशास्त्रज्ञानें अनेक वर्षें त्या खोऱ्यांतील गाळ मोजला. १९७५ ते १९९३ या काळांत गाळ सांचण्याचा वेग १९३० नंतरच्या दशकांतील वेगाच्या सुमारें ६ टक्केच उरला होता, असें त्यानें १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. तरी २०१८ च्या ऑगस्टमधील महापुरांत त्या खोऱ्यांत मागाहून बांधलेलीं कांहीं लहान धरणें फुटलींच.

आपल्याकडे सोलापूरचें कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें तें १९३३ सालींच, आणि बांधबंदिस्तीच्या योजना गांवोगांव अंमलांत आणण्यासाठीं मुंबई इलाख्याचा जमीन-सुधारणा योजनांचा कायदा झाला तो १९४२ सालीं. तिकडे दल जन्मास आलें व मोडलें तींच हीं दोन वर्षें. योगायोग म्हणून सोडून देऊं. राष्ट्रीय सेवा योजना मात्र पुष्कळ मागाहून, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं सुरू झाली. वर्षाला १२० तास सेवा आणि एक सात दिवसांचें शिबीर, असा तिचा शिरस्ता. मुलगे व मुली दोघांनाहि ती मोकळी आहे. पुष्कळ महाविद्यालयें यासाठीं एखादें गांव 'दत्तक' घेतात. दत्तक म्हणजे काय, तें किती पिढ्या निभवावें लागतें, हें आपल्या घरांतून सांगावयास नको. पण शिबीर संपल्यावर त्या गांवाचें नांवहि विसरणारीं महाविद्यालयें आम्हीं पाहिलीं आहेत.

पुतणी परत आली ती तळहातांवर फोड घेऊन. पहिल्या दिवशीं त्यांनीं नजरेनें रेषा धरून चर खणले. सायंकाळीं कृषि सहायकांनीं येऊन ओळंबा लावलेली लांकडी चौकट उतारावर फिरविली, तों चराचें एक टोंक वीतभर खालीं गेलेलें! असा चर पाणी जिरवीत नाहीं. सगळें पाणी खालच्या टोंकाशीं जमून तेथें बांध फोडतें, आणि नवी ओघळ पडते. दिवसभराचें काम दुसऱ्या दिवशीं बुजवावें लागलें. पुढें चुन्यानें समपातळींत रेषा आंखून साठ सेंटीमीटर रुंद व तीस खोल असे चर निघाले; काढलेली माती उताराच्या बाजूस रचली. हें सांगतांना फोडांपेक्षां त्या बुजविलेल्या चराचेंच तिला अधिक दुःख होत होतें. कून व्हॅलीच्या कराराची हकीकत आम्हीं तिला सांगितली, तेव्हां ती म्हणाली, "काका, आमच्याकडे तर कागदावर कांहींच नव्हतं." नंतर बराच वेळ ती बोलली नाहीं.

जुलै महिन्यांत चांगला पाऊस होऊन गेल्यावर एका रविवारीं ती दोन मैत्रिणींसह आपण होऊन त्या गांवीं गेली. वरच्या रांगांतून पाणी उभें होतें. खालच्या रांगेंत गुरांच्या वाटेनें बांध दोन हात फुटला होता, आणि खालच्या शेताचे मालक व त्यांच्या सूनबाई तेथें दगड रचीत होत्या. त्या बाईंनीं हिला ओळखलें व घमेलें पुढें केलें.

रात्रीं ती घरीं आली तेव्हां पाय गुडघ्यांपर्यंत चिखलानें भरले होते. आजीनें ऊन पाणी दिलें. वडिलांनीं विचारलें, "गाळ?"

"एक वीत भरलाय, आजोबा. दिवाळीनंतर काढून शेतांत टाकायचा, असं ते म्हणाले. आम्हांला बोलावलंय."

वडिलांनीं चष्मा लावला, आणि पंचांग काढून दिवाळी कोणत्या तारखांस येते तें पाहूं लागले.