पदवी आणि प्रमाणपत्र

बँकेतील खाती, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी ही सारी कामे आज संगणकांवर अवलंबून आहेत. हे संगणक अखंड चालू ठेवणे, वापरणाऱ्यांना योग्य तेवढेच अधिकार देणे, माहितीच्या प्रती जतन करणे आणि बिघाडाचे मूळ शोधणे ही प्रणाली-प्रशासकाची कर्तव्ये होत. या कामासाठी महाविद्यालयीन पदवी हवी, की एखाद्या कंपनीचे प्रमाणपत्र पुरेसे आहे? हा प्रश्न अनेक तरुणांपुढे उभा राहतो. कारण त्यात त्यांची वर्षे आणि पालकांचा पैसा गुंतलेला असतो.

पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थी मूलतत्त्वे शिकतो. संगणकाच्या स्मृतीची वाटणी कशी होते, जाळ्यातून संदेश कसा प्रवास करतो, हे त्याला समजते. तथापि बंद पडलेला सर्व्हर पूर्ववत करण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा आलेला नसतो.

प्रमाणपत्राचा भर नेमका येथे असतो. रेड हॅट कंपनीच्या, 1999 साली सुरू झालेल्या परीक्षेत उमेदवाराला उत्तरे लिहावी लागत नाहीत. प्रत्यक्ष संगणकावर काम करून दाखवावे लागते. मात्र अशा प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि ते एकाच कंपनीच्या उत्पादनाशी बांधलेले असते. 1990 च्या सुमारास नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीचा कार्यालयांत मोठा प्रसार होता. पुढे ती मागे पडली आणि तिच्या प्रमाणपत्राचे मोलही ओसरले. ज्यांना जाळ्याची मूलतत्त्वे ठाऊक होती, त्यांना नवी प्रणाली आत्मसात करणे सोपे गेले.

भारतात 1990 साली इलेक्ट्रॉनिक्स विभाग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी डोएक योजना सुरू करून मधला मार्ग काढला. ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा चार स्तरांच्या या परीक्षांमुळे महाविद्यालयाबाहेर शिकणाऱ्यांनाही मान्यतेचे दार खुले झाले. ही संस्था आता ‘नाइलिट’ या नावाने ओळखली जाते.

अनेक सरकारी पदांसाठी पदवी ही अटच असते. तेथे केवळ कंपनीच्या प्रमाणपत्राने भागत नाही. उलट, मध्यरात्री यंत्रणा कोलमडली असता पदवीचा कागद उपयोगी पडत नाही. जतन केलेल्या प्रतीवरून माहिती परत मिळवून पाहण्याचा सराव ज्याने आधीच केला आहे, तोच त्या वेळी तरून जातो. हा सराव पदवीधरानेही करावयाचा असतो आणि प्रमाणपत्रधारकानेही.