आधी क्लिप काढा

सुरतच्या पांडेसरा-बमरोली पट्ट्यात यंत्रमागांची खडखड चालते आणि त्यांवर राबणाऱ्यांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पुष्कळ मराठी माणसं आहेत. माग असो की एम्ब्रॉयडरी मशीन, नव्या यंत्राचा मेंदू म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्ड. ते मध्येच रिसेट झालं की पहिला संशय सप्लायवर. पण मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. त्याला सरासरी कळते, वरची थरथर नाही. हा सप्लाय म्हणजे एसएमपीएस, स्विचिंग सप्लाय; तो सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखावर वेळा चालू-बंद होतो. त्यातून उरते ती लाट म्हणजे रिपल, आणि त्यावरचे टोकदार काटे म्हणजे नॉइज. ते पाहायला ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोपच हवा.

आणि स्कोपच फसवतो! प्रोबच्या ग्राउंड क्लिपची वायर साधारण १५ सेंटिमीटरची. तिचा फास शेजारच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अँटेनासारखा उचलतो. शिवाय या वायरचं इंडक्टन्स दीडशे नॅनोहेन्रीच्या घरात जातं आणि प्रोबच्या १०-१५ पिकोफॅरडशी जुळून १०० मेगाहर्ट्झच्या आसपास झणझणतं. हे खोटे काटे सप्लायचे समजून आउटपुटचा कपॅसिटर बिचारा निर्दोष असताना बदलला जातो.

खातरजमा सोपी आहे. प्रोबचं टोक आणि क्लिप बोर्डाच्या एकाच ग्राउंडवर टेकवा. तरीही काटे दिसले, तर ते मापनाचे. मग क्लिपची वायर काढा, प्रोबसोबत मिळणारी छोटी स्प्रिंग लावा आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन पायांवर मोजा. दहापटीचा प्रोब सिग्नल दहाने घटवतो. स्कोप पुन्हा दहाने गुणतो, स्वतःच्या नॉइजसकट. काही मिलिव्होल्ट मोजायला एकपटीचा प्रोब बरा.

किती रिपल चालते, याचा एक दाखला: संगणकाच्या एटीएक्स सप्लायला ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट, १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट रिपलची मुभा आहे. ते मोजताना बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर रोखायची आणि १० व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मोजमापाच्या जागी जोडायचे, असा दंडक आहे. तुलनेसाठी तो योग्यच. मात्र रिसेटचं कारण शोधताना दहापटीचा प्रोब लावून बँडविड्थचं हे बंधन एकदा काढून पाहावं. चोर बरेचदा २० मेगाहर्ट्झच्या वरच असतो.

एक मात्र पाळा. हे सगळं सप्लायच्या आउटपुटकडच्या, म्हणजे सेकंडरी बाजूपुरतंच. मेन्सकडच्या प्रायमरीवर सव्वातीनशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त डीसी असतो आणि स्कोपची क्लिप अर्थला जोडलेली असते. ती तिथे लावली की धडाका. त्यावर स्कोपचा अर्थ पिन कापण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, त्याने स्कोपची बॉडीच जिवंत होते. प्रायमरी मोजायचीच असेल, तर डिफरन्शियल प्रोब आणा.