पैनगंगेकाठचा आखाडा

आखाड्यातील पहिली कुस्ती नारळावर लागते. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात, ढेकळे फोडून व पाणी शिंपून मऊ केलेल्या भुईवर, हलगीच्या कडकडाटात आठ-दहा वर्षांची दोन पोरे एकमेकांना भिडतात, जिंकणाऱ्याच्या हाती कोणी वडीलधारा पंच एक नारळ ठेवतो, आणि तेथून दिवस कलेपर्यंत इनामाची चढण सुरू होते. नारळामागून दहाची, दहामागून शंभराची, शंभरामागून हजाराची, आणि सूर्य पश्चिमेला टेकत आला असता सर्वांत शेवटी चांदीच्या कड्याची. आदिलाबादच्या मुलखात, जेथे तेलंगण संपून महाराष्ट्र केव्हा सुरू झाला हे बैलगाडीतल्या माणसाला कळत नाही, तेथल्या जत्रांचा हा मामूल आहे. कुबीर, तानूर, मुधोळ, भैंसा हा पश्चिमेकडचा पट्टा, आता निर्मल जिल्ह्यात गेलेला, त्यासाठी विशेष ओळखला जातो. तेथे नांदेडकडचा मल्ल आला नाही तर जत्रा भरल्यासारखी वाटत नाही.

पैसे घेऊन कुस्ती खेळणे व पैसे जमवून कुस्ती लावणे, या दोन क्रिया मिळून जो व्यवसाय होतो, त्याला इतर देशांत कंपनी असते, मालक असतो, मल्लांशी केलेले करारनामे असतात. आपल्याकडेही मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढती तिकिटे लावून झाल्या, आणि 1968 साली त्याच मुंबईत दारासिंगाने अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा तो प्रकार घरोघर माहीत झाला. परंतु पैनगंगेच्या खोऱ्यातील जो आखाडा मी सांगतो आहे, त्याला मालक नाही. देवस्थानची किंवा गावाची पंच कमिटी वर्गणी गोळा करते, कापसाचे पैसे ज्याच्या हाती आले असतील तो ऐपतीप्रमाणे देतो, एखादा शेतकरी आपल्या वडिलांच्या नावाने एक इनाम ठेवतो, एखादा दुकानदार कडे देतो, आणि जमलेली सगळी रक्कम त्याच दिवशी त्याच मातीत वाटून संपते. दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्यातून आरंभ. गंगाजळी नसलेली, कचेरी नसलेली, सनद किंवा नोंदणी नसलेली ही संस्था पिढ्यान् पिढ्या चालावी, हे मला फार मोठे वाटते.

आणि ती कोणत्या मुलखात चालली तेही पाहण्यासारखे आहे. आदिलाबाद हा निजामाच्या राज्यातला जिल्हा 1905 साली आजच्यासारखा स्वतंत्र उभा राहिला. 1948 च्या सप्टेंबरात निजामी अंमल संपला. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जिल्ह्याचा मोठा भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि किनवट व राजुरा हे तालुके त्यातून काढून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्याला जोडण्यात आले. पुढे राजुरा चांद्याकडे गेला. 2 जून 2014 रोजी तेलंगण झाले. 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. इतक्या वेळा दफ्तरे बदलली, पाटील-पटवारी गेले, मोडी आणि उर्दूतले कागद तेलुगूत आले, शाळेतली भाषा बदलली. पण बेल्याच्या किंवा जैनथच्या बाजूच्या शेतकऱ्याची सोयरीक पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात राहिली ती राहिलीच, आणि त्या सोयरिकीच्या वाटेने पैलवानही येत राहिले. सरहद्द ठरविणाऱ्यांनी मल्लांना विचारले नाही, आणि मल्लांनीही सरहद्दीला विचारले नाही.

या व्यवसायाची भाषाच मुळात सरहद्दीची आहे. कुस्ती, पैलवान, दंगल, वस्ताद, इनाम हे शब्द फारसीतून आले, आणि मराठी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या तिघांच्याही तोंडी ते थोड्याफार फरकाने तेच आहेत. मल्ल, बाहुयुद्ध हे संस्कृतातून. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती ठरविणे, राजाने त्यांचे पोषण करणे, आखाड्याची भूमी सिद्ध करणे, अशा गोष्टी त्यात नियमबद्ध सांगितल्या आहेत. कल्याणी आजच्या बिदर जिल्ह्यात, म्हणजे याच दख्खनच्या पठारावर. मल्लाला पोसणारा राजा हा विचार या भूमीत इतका जुना आहे. राजा गेल्यावर त्याची जागा जत्रेने घेतली, एवढाच फरक.

राजाश्रयाचे सर्वांत भव्य रूप कोल्हापुरास पाहावयास मिळते. शाहू छत्रपती 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या दृष्टीस पडले, आणि परतल्यावर त्यांनी खासबागेत तशाच धर्तीचे कुस्तीचे मैदान बांधण्याची तजवीज केली. काम 1907 साली सुरू होऊन 1912 साली पुरे झाले. मधला हौद आणि त्याभोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने कोठेही बसलेल्या माणसाला कुस्ती निर्वेध दिसते. पहिल्याच मैदानात गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली, म्हणजे पंजाबचे मल्ल दख्खनच्या राजाच्या मातीत लढले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींनी पुढे जे मल्ल घडविले त्यांची नावे येथे काढीत बसत नाही. ती मराठी वाचकास पाठ आहेत. मला एवढेच सांगावयाचे आहे की खासबागेत एका राजाने जे दगडात बांधले, तेच आदिलाबादच्या रानात लोक दरवर्षी मातीत बांधतात आणि पावसाळ्यात ते पुसून जाते.

आता त्या मातीतला खरा व्यवहार सांगतो, कारण या संस्थेचे सगळे शहाणपण जोड लावण्यात आहे. मॅटवरच्या शासकीय स्पर्धेत वजनकाटा असतो, गट असतात, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि गुण मोजले जातात. जत्रेच्या मैदानात काटा नसतो. पैलवान कपडे उतरवून, हात उंच करून, आखाड्याभोवती एक फेरी मारतो. तेवढ्यात पंचांनी त्याची मान, मांडी, पाठ, चाल पाहून घ्यावयाची असते. समोरून दुसरा निघतो. दोघांना शेजारी उभे करतात, कोणी वस्ताद पुढे होऊन “हा भारी आहे” म्हणून आपला पठ्ठा मागे घेतो, कोणी अंगावर घेतो, भोवतीचे लोक आपापला कौल ओरडून देतात, आणि इनामाच्या आकड्यावर घासाघीस होऊन जोड ठरते. जोड चुकली तर कुस्ती एका पटात संपते व लोक पंचांना शिव्या देतात. जोड बरोबर बसली तर एकाच कुस्तीसाठी सारे मैदान श्वास धरून उभे राहते. चांगला पंच म्हणजे ज्याच्या डोळ्यांत तराजू आहे. असा मनुष्य गावात एखादाच असतो, आणि तो थकला म्हणजे मैदानाचा दर्जा उतरतो, हे कोणत्याही जुन्या शौकिनाला विचारावे.

मग हातसलामी होते. शड्डू घुमतात, मातीची चिमूट एकमेकांच्या अंगावर टाकली जाते, खडाखडी सुरू होते. ढाक, घिस्सा, कलाजंग, एकचाक, भारंदाज, मोळी, ही नावे उच्चारताच ज्याच्या अंगावर रोमांच उभे राहत नाहीत त्याने मैदानाच्या काठावर कधी बसून पाहिले नाही. पाठ मातीला लागून आभाळ दिसले की निकाल. त्यात गुणांचा हिशेब नाही, अपील नाही. बराच वेळ दोघेही झुंजून निकाल लागत नसेल तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवितात आणि इनाम अर्धे-अर्धे होते. लोकांना ते रुचत नाही, निकाली कुस्तीच त्यांना हवी असते. निवेदक मराठीत आरंभ करतो, तेलुगूत इनाम सांगतो, हिंदीत दम देतो. ऐकणाऱ्यांत गोंडी व बंजारा बोलणारेही असतात, आणि कोणाचेच काही अडत नाही.

या मल्लांची उपजीविका हा कठीण विषय आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खुराक वर्षभर घरातून जातो आणि मैदाने मात्र सुगीनंतरच्या थोड्या महिन्यांत असतात, त्यामुळे पैलवान जत्रेमागून जत्रा धरीत फिरतो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाला, तेथून पुढे जेथे डंका वाजेल तेथे. 1953 साली मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली आणि 1961 पासून, प्रथम औरंगाबादेस, महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातील पोरांना मातीपलीकडचे दार दिसले. लातूर जिल्ह्याच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार त्याच दारातून गेले व पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले; त्यांच्या शिष्यांपैकी बीडकडचा राहुल आवारे 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. सरहद्दीपलीकडच्या मराठी पोराची स्थिती मात्र निराळी आहे. राज्य तेलंगण असल्याने महाराष्ट्र केसरीची गदा त्याच्यासाठी नाही, आणि त्याचा वस्ताद, त्याचे डाव, त्याची भाषा सगळी महाराष्ट्रातली. त्याच्यापाशी जत्रेचा आखाडाच उरतो, म्हणून तो टिकला पाहिजे.

टिकण्यासाठी पैशापूर्वी एक गोष्ट हवी, ती म्हणजे नोंद. दरवर्षी कमिटी जंगी कुस्त्यांची जाहिरात छापते आणि जत्रा उलगडली की ती पत्रके वाऱ्यावर जातात. कोणी कोणाला कोणत्या डावावर पाडले, कड्याचा मानकरी कोण, जोड कोणी लावली, हे चार-दोन म्हाताऱ्यांच्या स्मरणात राहते आणि त्यांच्याबरोबर जाते. या मुलखातील प्रत्येक कमिटीला माझी विनंती आहे की पत्रकाची एक प्रत जपावी, एक साधी वही घालावी, तीत प्रत्येक कुस्तीपुढे निकाल मांडावा, आणि ती वही देवळाच्या पेटीत ठेवावी. लिहिण्यास आरंभ कड्यापासून करू नये. नारळ जिंकणाऱ्या पोराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गाव, हे पहिल्या ओळीत यावे.