पट्टा गळ्याला नको, छातीला हवा!

परवा देवासहून धारमार्गे मांडूला कॅम्परव्हॅनने गेलो. आलमगीर दरवाज्याच्या अलीकडच्या वळणावर म्हैस आडवी आली, करकचून ब्रेक! आमचा वीस किलोंचा कुत्रा मोती फक्त हिसका बसून जागेवरच राहिला. कारण छातीचा हार्नेस.

हिशेब सोपा आहे. ताशी ५० च्या वेगातली गाडी आदळून ०.१ सेकंदात थांबली, तर २० किलोंचं कुत्रं सुमारे २८० किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं.

म्हणून:

🐾 दोरी गळपट्ट्याला नको, मानेला इजा होते.

🐾 हार्नेस सीटबेल्टच्या पक्क्या अँकरला अडकवा, टेबलाच्या पायाला नाही. दोरी आखूड ठेवा.

🐾 पिंजरा असेल तर तोही बांधा.

🐾 एअरबॅगसमोर बसवू नका.

🐾 उन्हात बंद गाडीत एकटं सोडू नका.

काही शंका? खुशाल विचारा!