सीडीवरचा रंग आणि लेसर

निपाणी-बेळगाव भागात साधारण 2000 ते 2010 या काळात लग्न झालेल्या कितीतरी घरांत, अल्बमच्या खोक्यात, लग्नाची सीडी अजून पडून असेल. ती काढा आणि मागची बाजू खिडकीपाशी तिरकी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाताना एका जागी छटा बदललेली दिसेल. तिथवर हळद, अक्षता, वरात. पुढे कोरी जागा. छटेतला हा बदल उष्णतेने उमटला आहे.

सीडीचं अंग पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचं, 1.2 मिलिमीटर जाड. त्यावर रंगाचा थर, केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ, आणि त्यावर धातूचा आरसा. जपानच्या तैयो युदेन कंपनीने 1988 मध्ये लिहिता येणाऱ्या सीडीची ही रचना सिद्ध केली. सीडी लिहिणाऱ्या यंत्राचा, म्हणजे रायटरचा, लेसर 780 नॅनोमीटरचा, तांबड्याच्या अगदी टोकाचा. प्लास्टिकमधून तो आरपार जातो, पण रंगात जिरतो, आणि जिरला की त्याची उष्णता होते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या वेळात एक ठिपका दोनशे अंशांच्या वर जातो. रंगाचे रेणू फुटतात. लगतचं प्लास्टिक दीडशे अंशांच्या आसपासच मऊ पडतं, तेही थोडं विकृत होतं. आता तिथून प्रकाश पूर्वीसारखा परत फिरत नाही. अशा खुणांची वेटोळी वाट पाच किलोमीटरहून लांब, आणि सनईपासून पाठवणीपर्यंत सगळं त्या खुणांच्या लांब-आखूडपणात!

मला खरं थक्क करतं ते पुढचं. सीडी वाचायलाही लेसरच लागतो, तरी रंगाला धक्का लागत नाही. वाचताना त्याची ताकद एका मिलिवॉटच्या आसपास ठेवतात, लिहिताना कितीतरी पट वाढवतात. रंग फुटायला ठराविक तापमान गाठावं लागतं. त्याच्या खाली हजार वेळा वाचलं तरी खूण बनत नाही.

उन्हाची गोष्ट निराळी. ऊन रंग तापवतं, शिवाय त्यातले अतिनील किरण रेणूंचे बंध थेट तोडतात. इथे तसा तापमानाचा उंबरठा नाही. रोजचं थोडं थोडं नुकसान साचत जातं. बेळगावच्या वडगाव-खासबागला साड्या विणणाऱ्यांना हे सांगायला नको, कच्चा रंग उन्हात कसा उडतो ते त्यांनी पाहिलेलं असतं. सीडीतही सायनिन रंग नाजूक, थॅलोसायनिन टिकाऊ. या थॅलोसायनिनचेच भाऊबंद कापडाच्या आणि छपाईच्या निळ्या-हिरव्या रंगांत आहेत. 1928 मध्ये स्कॉटलंडच्या एका रंगकारखान्यात, भांड्याचं अस्तर तडकून आतल्या लोखंडाशी रसायनाचा संबंध आला आणि नको असलेला निळसर पदार्थ तयार झाला. त्यातूनच हे कूळ उद्योगात आलं.

तेव्हा ती सीडी खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा, आणि चालू आहे तोवर तिची प्रत हार्ड डिस्कवर काढून घ्या. फुटलेला रंग पुन्हा जोडता येत नाही.