अब्रूच्या नावाखाली

वंशद्वेष हा एक प्रश्न आणि बायकांवरचा अत्याचार हा दुसरा, तेव्हा एकेक करून सोडवू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेच्या दक्षिण भागाचा इतिहास पाहिला की हे दोन्ही एकाच मुळावर पोसलेले दिसतात. १८९२ साली मेम्फिस शहरात जमावाने तीन कृष्णवर्णीयांना तुरुंगातून ओढून काढलं आणि ठार केलं. वादाच्या मुळाशी होती किराणा दुकानांची स्पर्धा. पण अशा हत्यांचं ठरलेलं समर्थन एकच : गोऱ्या बायकांची अब्रू. संपादक इडा बी. वेल्स यांनी हा बहाणा छापून उघडा पाडला, तेव्हा जमावाने त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. वेल्स यांनी पुढे एकेक प्रकरण तपासलं. बलात्काराचा नुसता आरोप तरी होता अशी प्रकरणं जेमतेम एक तृतीयांश भरली. आणि अब्रू राखायची ती तरी कोणाची? १९४४ मध्ये अलाबामातल्या ॲबव्हिल गावी चर्चमधून घरी निघालेल्या रेसी टेलर या २४ वर्षांच्या कृष्णवर्णीय विवाहितेला गोऱ्या तरुणांनी बंदुकीच्या धाकाने पळवून तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या रोझा पार्क्स माँटगोमेरीहून तिथे गेल्या, ठिकठिकाणी समित्या झाल्या, तरी ज्यूरीने दोनदा खटलाच उभा राहू दिला नाही. राज्याने माफी मागितली ती २०११ मध्ये.

अब्रूचा हा बहाणा आतून मोडायला निघाल्या त्या गोऱ्या बायकाच. जेसी डॅनियल एम्स यांनी १९३० मध्ये संघटना काढली : आमच्या नावाने कोणाचा जीव घेऊ नका. काम आपापल्या गावातच. चर्चच्या महिला मंडळात प्रतिज्ञापत्र फिरवायचं, शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाची, सही घ्यायची आणि जमाव जमतोय अशी कुणकुण लागली की त्याच शेरीफला फोन लावायचा. चाळीस हजारांवर बायकांनी सह्या केल्या. संघटनेत कृष्णवर्णीय बायकांना मात्र जागा नव्हती, आणि एम्स यांनी अशा जमावी हत्यांविरुद्धच्या केंद्रीय कायद्यालाही विरोध केला. माझ्या मते ही फार मोठी चूक होती, कारण गावाचं मन वळेपर्यंत मरणाऱ्याने थांबावं कसं?

मग कायदा असला की पुरे, असंही कोणी म्हणेल. पण आपल्याकडचंच पाहा. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी ओळख असल्याच्या संशयातून तो झाल्याचा आरोप होता. ॲट्रॉसिटीचा कायदा होता, खटलाही चालला. साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. अशा वेळी गावाची बदनामी नको, म्हणून गप्प बसायला सांगणारे घरोघरी असतात. साक्षीदाराला कोर्टाच्या तारखेपर्यंत वर्षानुवर्षं त्यांच्यातच राहायचं असतं, त्याच पाण्यावर, त्याच दुकानात. त्या काळात त्याच्या ओट्यावर जाऊन बसणं, त्याचं दाणापाणी तुटू न देणं, हे काम गावातलं महिला मंडळ आणि बचत गटच करू शकतात.