ज्याचे पत्र त्याने वाचावे : दृष्टिहीनांच्या ऑनलाइन परिचयाविषयी

परस्परांची ओळख व्हावी, ती वाढावी आणि जमल्यास तिच्यातून संसार उभा राहावा, याकरिता आजची तरुण मंडळी मोबाईलवरील ज्या सोयीचा आश्रय घेतात तिला डेटिंग ॲप असे म्हणतात. हा शब्द कानी पडताच आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, याची प्रस्तुत लेखकास कल्पना आहे. तथापि वधुवर सूचक मंडळाची वही, वर्तमानपत्रातील 'वर पाहिजे'चा रकाना आणि हे ॲप या तिघांचे मूळ काम एकच आहे. ही सोय चांगली की वाईट, हा आजचा विषय नव्हे. ती निर्माण झालीच आहे, तर ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा मनुष्याला तिचा उपयोग स्वतःच्या हाताने करता यावा म्हणून तिची रचना कशी असावी, एवढाच येथील प्रश्न आहे.

२०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक भरली. त्यांच्या शिक्षणाविषयी व नोकरीविषयी आपण सभांतून बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनाही कोणी आवडत असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आला, तरी घरातले कोणी तरी 'पाहून' देईल असे म्हणून तो सोडून दिला जातो. या 'पाहून देण्या'तच खरी अडचण आहे.

अंध माणसाचे पत्र पूर्वी दुसऱ्यानेच वाचून दाखवावे लागे. इटलीमध्ये पेलेग्रिनो तुर्री याने कॅरोलिना फँतोनी या दृष्टिहीन उमरावकन्येकरिता एक लेखनयंत्र बनविले. तिने १८०८ सालापासून त्यावर लिहिलेली पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. टंकलेखन यंत्राच्या इतिहासाचा आरंभ अनेक जण येथूनच सांगतात. तिला पत्र लिहिता येऊ लागले. उत्तर मात्र परक्या डोळ्यांतूनच तिच्यापर्यंत पोहोचणार. पुढे लुई ब्रेलची लिपी आली, आणि १९५१ साली आपल्या देशी भाषांकरिता भारती ब्रेलही ठरली. तरी डोळसांपैकी ब्रेल जाणणारे किती? मनातले गुज भावाने किंवा वहिनीने वाचून दाखवावयाचे, आणि उत्तरही त्यांनाच सांगून लिहून घ्यावयाचे, ही स्थिती अनेक घरांत कायम राहिली. वहिनी कितीही मायाळू असो, तिच्या तोंडून ऐकावयाचे ते शब्द नव्हेत!

बोलका मोबाईल आल्याने ही स्थिती पालटली. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक ही सोय आली. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या अशा योजनेस स्क्रीन रीडर म्हणतात. बोट पडद्यावर फिरविले की बोटाखाली काय आहे ते ती सांगते. बोट उजवीकडे झटकले की पुढची वस्तू, डावीकडे झटकले की मागची; दोनदा टिचकी मारली की ती वस्तू उघडते. कानात हेडफोन घालून आयफोनचा पडदा पूर्ण काळा करून ठेवण्याचीही सोय तीत आहे. फोन चालू असतो, परंतु शेजारी बसलेल्यास काहीच दिसत नाही. भरल्या घरात वा बसमध्ये आपले पत्र आपल्यापुरते ठेवण्याचा असा एकांत डोळसालाही सहजी मिळत नाही.

परंतु ॲप जर हे न जाणता बांधलेले असेल, तर पुन्हा वहिनीकडेच जाणे आले. २०१२ साली टिंडर निघाले आणि त्याच्यापासून छायाचित्र उजवीकडे सारले की पसंत, डावीकडे सारले की नापसंत, ही रीत सर्वत्र पसरली. आता वर सांगितलेले स्मरावे: स्क्रीन रीडर चालू असताना उजवीकडे बोट झटकणे याचा अर्थ 'पुढची वस्तू' असा आधीच ठरलेला आहे. एकाच खुणेला दोन मालक झाले. यावर उपाय मोठा नाही. खुणेबरोबरच 'पसंत', 'नापसंत' आणि 'मागे जा' अशी साधी बटणे ठेवावीत, आणि प्रत्येक बटणाला बोलता येईल असे नाव द्यावे. नाव न दिलेल्या बटणावर बोट ठेवले असता स्क्रीन रीडर नुसते 'बटण' एवढेच म्हणतो. ओळीने चार बटणे असली तर 'बटण, बटण, बटण, बटण'. त्यांतील हृदयाचे कोणते आणि फुलीचे कोणते, हे सांगणार कोण? संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या २०२३ सालच्या आवृत्तीत, जे काम बोटाने ओढून करावयाचे ते ओढल्यावाचूनही करता आले पाहिजे, असे स्पष्ट घातले आहे.

छायाचित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अंधाला फोटोशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण अनेकांची दृष्टी मोठेपणी गेलेली असते. रंग, चेहरे, पहाटेचा उजेड त्यांच्या आठवणीत असतो. जन्मांध मनुष्यालाही, समोरच्याने स्वतःविषयी काय दाखविणे पसंत केले, हे कळावेसे वाटणारच. म्हणून प्रत्येक फोटोसोबत दोन ओळींचे वर्णन असावे. मी शिक्षक आहे, आणि आमच्या प्राथमिक वर्गांत चित्रवर्णन नावाचा पाठ असतो. ॲपलाही नेमके तेच हवे आहे. 'फोटो १' हे वर्णन नव्हे. 'सुंदर क्षण' हेही नव्हे. 'अंगणात सायकल धुणारा, बाह्या दुमडलेला, मान वर करून हसणारा तरुण. मागे जास्वंदीचे झाड' हे वर्णन होय. ते फोटो टाकणाऱ्यानेच लिहावे, आणि ॲपने फोटो घेतानाच त्याला तसे विचारावे. मागाहून कोणी लिहीत नाही, हा गृहपाठाचा अनुभव येथेही लागू आहे.

यंत्रालाही आता वर्णन करता येते. २०१६ मध्ये फेसबुकने ती सोय सुरू केली, आणि २०२३ मध्ये 'बी माय आईज' या दृष्टिहीनांच्या ॲपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने सविस्तर वर्णन करून सांगण्याची योजना आली. काहीच नसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. मात्र परक्या माणसाचा फोटो त्याला न विचारता तिसऱ्याच कंपनीच्या यंत्राकडे पाठवावा काय, हा प्रश्न ॲप बांधणाऱ्याने आधी सोडविला पाहिजे. स्वतःचा फोटो काढण्याच्या कामी मात्र यंत्र निःसंशय उपयोगी आहे. चौकटीत चेहरा आला की नाही, मध्यभागी आहे की कडेला, हे आयफोनचा कॅमेरा बोलून सांगतो.

प्रवेशद्वाराशीच अडविणारी एक गोष्ट म्हणजे ओळख-पडताळणी. खोटे लोक शिरू नयेत म्हणून ॲप म्हणते, चेहरा वर्तुळात धरा, मान वळवा, डोळे मिचकावा. ज्याला वर्तुळ दिसत नाही त्याने काय करावे? बँकादिकांच्या अशाच पडताळणीविषयी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला डेटिंगचा नव्हता. पण वर्तुळ तेच आहे. 'थोडे डावीकडे', 'फोन वर घ्या' असे बोलून सांगितले, घाई केली नाही आणि चेहऱ्याऐवजी दुसऱ्या मार्गाने पडताळणीची मुभा ठेवली, तर खोट्यांनाही आळा बसतो आणि खऱ्यांनाही आत येता येते.

आपण अंध आहोत हे केव्हा सांगावयाचे? माझ्या मते हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा. कोणी पहिल्याच ओळीत लिहील, कोणी चार निरोपांनंतर. ॲपने आपण होऊन ते उघड करू नये. काही विवाहस्थळांवर 'शारीरिक स्थिती' असा रकाना असून त्यात 'नॉर्मल' हा एक पर्याय असतो. त्या चाळणीतून शेकडो माणसे एका टिचकीने गळून पडतात, आणि कोणास त्याचा पत्ताही लागत नाही. असा रकाना ठेवायचाच तर ऐच्छिक ठेवावा, व 'नॉर्मल' हा शब्द तेवढा काढावा.

यावर कोणी म्हणेल की, मग अपंगांचे ॲप निराळेच का असू नये? तसा प्रयोग आपल्या देशात झाला आहे. कल्याणी खोना यांनी २०१४ मध्ये अपंगांसाठी विवाह जुळविण्याचे काम आरंभिले आणि शंकर श्रीनिवासन यांच्यासह २०१६ मध्ये 'इनक्लव्ह' हे ॲप काढले. ते स्क्रीन रीडरवर चालेल अशा बेताने बांधले होते, आणि निरनिराळ्या शहरांत प्रत्यक्ष भेटीचे मेळावेही त्यांनी भरविले. २०१९ मध्ये ते बंद पडले. असे घर असावे. तेथे आपली दृष्टी गेल्याचे समजावून सांगत बसावे लागत नाही. पण ते बंद झाले की त्यातील रहिवासी रस्त्यावर येतात. म्हणून सार्वजनिक वाटही खुली हवी. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने सेवा सुलभ करण्याची जबाबदारी सरकारबरोबर खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकलेली आहे.

आता थोडे आपल्या मराठी मंडळींविषयी. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या समाजांत वधुवर मेळावे भरतात आणि परिचय-सूची निघतात. मुलामुलींची माहितीपत्रके व्हॉट्सॲपवरून फिरतात ती बहुधा चित्राच्या स्वरूपात, सुबक वेलबुट्टीसह. स्क्रीन रीडर त्यावर आला की पुष्कळदा 'फोटो' म्हणून मोकळा होतो! सूची जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात जुळविलेली असली तर आणखी गंमत. दिसावयास ती मराठी असते, पण आत रोमी अक्षरेच असल्याने यंत्र अर्थहीन वर्णमाला बडबडू लागते. तोच मजकूर युनिकोडमध्ये, साध्या ओळींत लिहून पाठविला तर मराठी आवाज तो नीट वाचतो. याला वेगळा खर्च नाही. सूची काढणाऱ्या कार्यकर्त्याने चित्राखाली तोच मजकूर चिकटविला की झाले.

निरोपांची देवघेव सुरू झाली म्हणजे आवाजाचे महत्त्व वाढते. फोटो पाहून माणसाचा अंदाज घेणे डोळसाला जमते. दृष्टिहीनास आवाजावरून पुष्कळ कळते. आपला क्रमांक न देता ॲपमधूनच बोलता यावे, ही सोय विशेषतः मुलींच्या दृष्टीने मोलाची आहे. 'याला अडवा' आणि 'तक्रार करा' ही बटणे नाव नसलेल्या तीन टिंबांच्या आड लपविलेली नसावीत. संकटात सापडलेल्या मुलीने ती पडदाभर चाचपडत शोधावीत काय? शिवाय ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांचे सारे वाचन बोटांखाली ब्रेल उमटविणाऱ्या यंत्रावर चालते. म्हणून ध्वनिनिरोपासोबत त्याचा लिखित मजकूरही हवा.

आणि भेट ठरलीच, तर नकाशावर नुसती टाचणी टोचून भागत नाही. बसथांब्यापासून किती पावले, कोणत्या हाताला वळावयाचे, दारात पायऱ्या किती, आत गोंगाट असतो की बोललेले ऐकू येते, हे शब्दांत लिहिण्यास ॲपने जागा द्यावी. 'मी निळा सदरा घालून येईन' असे लिहिणाऱ्यास, 'मी तुम्हाला नावाने हाक मारीन' असे लिहिणे सुचावे, एवढी सूचना त्या जागेच्या वर छापली तरी चालेल.